गेटच्या आत, गेटच्या बाहेर
(प्रस्तावना)

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत २०१६ ते २०२३ या काळात माणसे इतक्या तऱ्हांनी गेली, की त्या घटना नुसत्या ओळीने मांडल्या तरी आपल्याकडच्या भरपाईच्या कायद्याचा नकाशा उभा राहतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण दगावले. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही इमारत पडली. १६ जीव गेले. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, आणि त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे व साखर सुतारवाडी इथेही. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड औद्योगिक वसाहतीतल्या ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले.

मागे राहिलेल्यांचे दुःख पाचही ठिकाणी एकाच जातीचे आहे. कायद्याने मात्र त्यांना पाच वेगळ्या वाटांनी पाठवले. बस दरीत गेली तर मोटार अपघात दावा प्राधिकरण. इमारत पडली तर १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आणि दिवाणी दावा, म्हणजे हलगर्जीपणा कुणाचा हे सिद्ध करण्याची जबाबदारी वारसांवर. पूल वाहून गेला तर गाडीची जबाबदारी किती, पुराची किती आणि पूल सांभाळणाऱ्या खात्याची किती, हा वाद आधी. दरड कोसळली तर दावा कुणावर लावायचा हाच प्रश्न. तिथे सरकारी मदतीपलीकडे बहुधा काही उरत नाही. आणि कारखान्यात स्फोट झाला तर १९२३ चा कायदा, जो आधी ‘कामगार नुकसानभरपाई कायदा’ म्हणून ओळखला जाई आणि २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ झाला.

हे पुस्तक मुख्यतः या शेवटच्या वाटेविषयी आहे. पण ती वाट एकटी पाहून कळत नाही. शेजारच्या वाटांशी ताडून पाहिली म्हणजेच तिच्यात कामगाराच्या घराला काय मिळते आणि काय नाकारले जाते ते दिसते.

एक हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा कामगार, महिना पगार १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि विधवा आई. हा माणूस पाळी संपवून गेटबाहेर पडला आणि भरधाव टँकरने त्याला उडवले. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणात घालून दिलेल्या पद्धतीने मोजणी होते. तो कायम नोकरीत नाही असे धरले तरी भविष्यातल्या वाढीपोटी पगारात ४० टक्के मिळवायचे : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. अवलंबून चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : १,८९,०००. तीस वर्षांच्या वयाला गुणक १७. एकूण ३२,१३,००० रुपये. शिवाय सहवास गमावल्याबद्दल आणि अंत्यविधीसाठी वेगळ्या रकमा.

आता तोच माणूस, त्याच पगाराचा, गेटच्या आत रिअॅक्टरपाशी गेला असे धरा. १९२३ च्या कायद्यात मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्मी रक्कम घेऊन तिला चौथ्या परिशिष्टातल्या वयानुसारच्या घटकाने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा घटक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८ : १५,५९,८५० रुपये, आणि अंत्यविधीचे ५,०००. भविष्यातली पगारवाढ इथे मोजत नाहीत. पगार २८,००० असला तरी हिशेब १५,००० वरच थांबतो, कारण तशी मर्यादा आहे. ही मर्यादासुद्धा ३ जानेवारी २०२० ला वाढवलेली. त्याआधी ती ८,००० होती, म्हणजे आदल्या दिवशी गेलेल्या याच माणसाच्या घरी ८,३१,९२० रुपये आले असते.

हे आकडे वाचून कायदा दुष्ट आहे असे कुणाला वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ही मर्यादा कशाच्या बदल्यात आली ते पाहायला हवे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये १८०८ मध्ये लॉर्ड एलेनबरो यांनी एका घोडागाडीच्या अपघाताच्या खटल्यात असे ठरवले, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगी हानीच नव्हे. जखमी माणूस दावा करू शके, पण तो मेला तर त्याच्या बायकोला काही मागता येत नसे. रेल्वे आली, मृत्यू वाढले, आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि १८५५ मध्ये त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात आला. पती, पत्नी, आईबाप आणि मुले यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. तो कायदा आजही जिवंत आहे. त्यात रकमेला मर्यादा नाही, तक्ता नाही. पण दोष सिद्ध करावा लागतो. गिरणीत पट्ट्यात अडकून मेलेल्या माणसाच्या बायकोने मालकाचा दोष कसा सिद्ध करायचा? साक्षीदार त्याच मालकाच्या मस्टरवर असत.

१९२३ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. मृत्यू कामातून आणि काम चालू असताना झाला एवढे दाखवले की पुरे. मालकाची चूक शोधत बसायची नाही. कामगार नशेत होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम मोडला, ही सबबसुद्धा मृत्यूच्या बाबतीत मालकाला चालत नाही. दोष शोधण्याऐवजी धंद्याची जोखीम धंद्याने उचलावी, हा विचार इथे पहिल्यांदा कायद्यात उतरला. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बसणारे ना. म. जोशी महाडपासून जवळच्या गोरेगावचे, हे इथल्या वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. खात्रीची आणि लवकर मिळणारी रक्कम, त्या बदल्यात ठरावीक आणि मर्यादित रक्कम : सौदा असा होता. १९२३ मध्ये तो कामगाराच्या फायद्याचा होता. शंभर वर्षांत खात्री आणि वेग पातळ होत गेले, मर्यादा मात्र घट्ट राहिली. माझी तक्रार आहे ती इथे.

दोष आणि जोखीम यांच्यानंतरची तिसरी विचारधारा विम्याची. प्रा. बी. पी. अदारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते, त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा घडला. त्यात एकरकमी भरपाई नाही, अवलंबितांना दरमहा पैसे आहेत : मजुरीच्या ९० टक्क्यांच्या पूर्ण दरापैकी विधवेला तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश, आणि बेरीज पूर्ण दराच्या वर गेली तर त्या प्रमाणात कपात. मुलाला २५ वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. कामगार या योजनेत असेल तर १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही. काही वकील याला तोटा मानतात. मला तसे वाटत नाही. एकरकमी आलेले पंधरा लाख एकत्र कुटुंबात कर्ज, अर्धवट घर आणि नणंदेचे लग्न यांत वर्षभरात वाटले जातात, आणि विधवेच्या हातात काय राहते ते तिलाच माहीत. दरमहा तिच्या खात्यावर येणारी रक्कम लहान असली तरी तिची असते. अडचण एवढीच, की पगाराची मर्यादा २१,००० आहे आणि ठेकेदाराने नोंदणी केलेली असेल तरच हे सगळे.

चौथी विचारधारा भोपाळच्या सावलीतली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर वर्षभराने दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम गळले, आणि २० डिसेंबर १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात सांगितले, की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य असली कोणतीही पळवाट नाही, आणि भरपाई उद्योगाच्या आर्थिक ताकदीप्रमाणे असावी. रासायनिक वसाहतीत राहणाऱ्यांसाठी याहून मोठे तत्त्व नाही. पण त्यावर पुढे जे कायदे झाले त्यांतले शब्द नीट वाचा. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याचे सतरावे कलम, दोन्ही मृत्यू किंवा इजेची भरपाई देताना ‘कामगार सोडून अन्य व्यक्ती’ असे म्हणतात. म्हणजे वायू गळला तर भिंतीपलीकडच्या बिरवाडीतल्या माणसासाठी निरपवाद जबाबदारी, आणि भिंतीअलीकडे व्हॉल्व्ह बंद करायला धावलेल्या माणसासाठी चौथ्या परिशिष्टातला तक्ता. न्यायाधिकरणाने ही भिंत काही वेळा ओलांडली आहे. जून २०२० मध्ये गुजरातच्या दहेजमध्ये स्फोटात गेलेल्यांच्या वारसांना त्याने प्रत्येकी १५ लाख अंतरिम देण्यास सांगितले. पण तो न्यायाधिकरणाचा पुढाकार होता. वारसांना हक्काने तिथे उभे राहता येईल असे कायदा स्पष्ट म्हणत नाही.

वारसांनी १९२३ च्या कायद्याची वाट सोडून दिवाणी दावा लावला तर मर्यादा लागत नाही. मात्र दोन्ही एकदम करता येत नाहीत, आणि दोष सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा अंगावर येते. वेळेचाही विचार करावा लागतो. चवदार तळ्याचा दावा महाडच्या न्यायालयात १९२७ मध्ये सुरू झाला आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले, हे या गावाला शिकवायची गरज नाही.

कागदावरचा कायदा सोडून आता रुग्णालयाच्या आवारात येऊ, कारण बहुतेक दावे तिथेच जिंकले किंवा हरले जातात. शवविच्छेदन चालू असते. गावाकडची माणसे जमलेली, कुणीतरी पुढारी, कुणीतरी ठेकेदाराचा माणूस. आकडा बोलला जातो. अंत्यविधीसाठी रोख हातात दिली जाते, आणि एका कागदावर सासऱ्याची किंवा भावाची सही घेतली जाते : आमची काही तक्रार नाही, यापुढे काही मागणी नाही. त्या घडीला सही न करण्याची ताकद कुणात असते?

या पानावर वाचकाने थांबावे. तो कागद कायद्याने निरुपयोगी आहे. १९२३ च्या कायद्याचे सतरावे कलम सांगते, की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. आठवे कलम सांगते, की मृत्यूची भरपाई मालकाने या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. थोडी आगाऊ रक्कम सोडली तर परस्पर हातात दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. वाटणीही आयुक्त करतात, भाऊबंद नाही. अज्ञान मुलांचा हिस्सा ते गुंतवून ठेवू शकतात. आणि रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देणे होते, निकालाच्या दिवसापासून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच स्पष्ट केले आहे. महिनाभरात न भरल्यास १२ टक्के व्याज, आणि पटण्याजोगे कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मंत्र्याने किंवा कंपनीने जाहीर केलेली मदत घ्यावी, जरूर घ्यावी. तिने हा दावा संपत नाही.

संपतो तो कालमर्यादेने आणि पुराव्याअभावी. मुदत दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण आयुक्त मान्य करू शकतात, पण त्यावर विसंबू नये. पुराव्याचे म्हणाल तर मुद्दा एकच असतो : हा माणूस त्या दिवशी, त्या पाळीला, त्या प्लांटवर होता आणि त्याचा पगार इतका होता. कायम कामगाराचे पगारपत्रक असते. ठेक्यावरच्या माणसाचे काय असते? गेटवरची पंचिंगची नोंद, ठेकेदाराने दिलेला पास, बँकेच्या पासबुकात दरमहा ठरावीक तारखेला पडलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, सुपरवायझरने आदल्या रात्री मोबाइलवर पाठवलेला ‘उद्या ए पाळी’ हा निरोप. मोबाइल आगीत जातो किंवा पोलिसांच्या मुद्देमालात. म्हणून सहकाऱ्याच्या मोबाइलमधला तोच निरोप जपून ठेवण्याला महत्त्व आहे. पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती वारसांनी पहिल्याच महिन्यात मागून घ्याव्यात. देह सापडत नाही किंवा ओळखू येत नाही तिथे पेच आणखी वाढतो. सावित्रीच्या पुरात देह दूर समुद्रापर्यंत वाहत गेले, तळियेत शोध थांबवून बेपत्ता माणसांना मृत घोषित करावे लागले, ब्लू जेटच्या आगीनंतर ओळख पटवण्यासाठी डी.एन.ए. चाचणीचा आधार घ्यावा लागला. मृत्यूचा दाखला हातात पडेपर्यंत बँक, विमा, निधी, सगळेच अडते.

ठेकेदार पळाला तर? कायद्याने मूळ कारखानदाराला बाराव्या कलमाखाली जबाबदार धरले आहे. त्याने आधी भरावे, मग ठेकेदाराकडून वसूल करावे. ‘तो आमचा माणूस नव्हता’ हे गेटवर ऐकू येणारे उत्तर तिथे टिकत नाही. आणि नांगलवाडी-बिरवाडीच्या खोल्यांत राहणारा उत्तर प्रदेश-बिहारचा मुलगा गेला, तर त्याच्या आईबापांना तारखांसाठी महाडला यावे लागत नाही. वारस राहतात तिथल्या आयुक्तांकडे दावा लावण्याची सोय कायद्यात आहे. ही तरतूद इथल्या मजूर संघटनांनाही फारशी ठाऊक नाही, म्हणून पुस्तकात तिच्यावर जास्त पाने दिली आहेत.

अविवाहित मुलाचा प्रश्न मला सर्वांत टोचतो. वसाहतीत जाणारे कितीतरी जण विशी-बाविशीतले. विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना अवलंबित मानताना कायदा पुरावा मागत नाही. पण बाप जिवंत असला तर त्याला आणि आईलाही आपण मुलाच्या कमाईवर निदान अंशतः अवलंबून होतो हे दाखवावे लागते. पोलादपूरच्या डोंगरात नाचणी-वरीची शेती करणाऱ्या बापाला विचारले जाते : तुमची जमीन आहे, मग मुलावर अवलंबून कसे? त्या जमिनीतून चार महिन्यांचे धान्य येते हे तलाठ्याच्या उताऱ्यात लिहिलेले नसते. इथे मुलाच्या खात्यातून बापाच्या खात्यात गेलेले दोन-तीन हजार रुपये मोठ्या भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

घरातल्या बाईच्या कामाला किंमत असते, हे न्यायालयाने ज्या निकालात ठसठशीत सांगितले तोही एका कारखान्याचाच. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी टाटा स्टीलच्या समारंभात आग लागून ६० जण गेले, त्यांत बायका-मुले बरीच. भरपाई ठरवण्याचे काम माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे दिले गेले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरून रकमा वाढवल्या. आजच्या हिशेबात तो आकडा लहान आहे, पण दिशा त्याने दिली. पुनर्विवाह केला म्हणून विधवेची भरपाई जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात सांगितले, तेही त्याच दिशेचे.

हे पुस्तक आताच का? कारण पायाखालचा कायदा बदलतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे तिच्यात सामावले आहेत. त्यामुळे वारसाने आणि वकिलाने पहिला प्रश्न विचारायचा तो अपघाताच्या तारखेचा. संहितेत एक गोष्ट निःसंशय चांगली आहे : घरून कामावर जाताना किंवा परत येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरला जाईल. जुन्या कायद्यातही तोच अर्थ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात ठरवले. पहाटे तीनच्या पाळीसाठी निघालेला तो माणूस कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर, २००३ मध्ये, रस्त्यात गेला होता. त्याच्या कुटुंबाला बावीस वर्षे लागली. मुंबई–गोवा महामार्गावरून रात्रपाळीला मोटारसायकलवर येणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या घरी हा निकाल माहीत असायला हवा.

पुस्तकाची मांडणी कायद्याच्या कलमांप्रमाणे केलेली नाही. घरात ज्या क्रमाने प्रश्न पडतात त्या क्रमाने केली आहे : पहिला दिवस, पहिला महिना, पहिले वर्ष, आणि मग तारखांची वर्षे. फौजदारी खटला आणि कारखाने निरीक्षकांची चौकशी यांचा विचार दाव्याला पुरावा म्हणून काय मिळते एवढ्यापुरताच केला आहे, कारण गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहत भरपाईची मुदत घालवलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याचे अडीच ते सात लाख आणि विधवेची पेन्शन हे वेगळे हक्क आहेत, ते दाव्याच्या गडबडीत राहून जातात. त्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. वकिलाशिवाय सगळे जमेल असा दावा पुस्तक करत नाही. वकिलाकडे जाताना कोणते कागद घेऊन जायचे आणि त्याला काय विचारायचे, एवढे मात्र नक्की कळेल.

एक विषय आम्ही जाणूनबुजून शेवटी ठेवला आणि तो अपुरा आहे. स्फोटाचा पंचनामा होतो. द्रावकांच्या वाफा वर्षानुवर्षे घेऊन पन्नाशीच्या आत यकृताने किंवा फुप्फुसाने गेलेल्या माणसाचा होत नाही. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि त्या रोगाने आलेला मृत्यू अपघाताच्याच बरोबरीने धरला जातो. पण त्यासाठी माणूस जिवंत असताना कोणत्या प्लांटवर, कोणत्या रसायनाजवळ किती वर्षे होता याची नोंद लागते, आणि ठेके बदलत बदलत काम केलेल्या माणसाची अशी नोंद एका ठिकाणी कुठेच नसते. कामगारांनी स्वतःच ती ठेवावी म्हणून पुस्तकाच्या अखेरीस एक कोरा तक्ता छापला आहे : वर्ष, कारखाना, ठेकेदार, प्लांट, पाळी, हाताळलेले रसायन, वैद्यकीय तपासणीची तारीख.